आजारपणाच्या कर्जाची आणेवारी कोण काढणार?

2025 च्या फेब्रुवारीत मूर्तिजापूरची एक बातमी सगळीकडे फिरली. पसंती झालेली, बोलणी शेवटाला आलेली, आणि मुलीच्या मामानं नवऱ्यामुलाचा सिबिल, म्हणजे कर्ज किती आणि ते कसं फेडलंय याचा रिपोर्ट आणि स्कोअर, दाखवा म्हटलं, त्यात कर्जच कर्ज निघालं आणि लग्न मोडलं. लोक पोट धरून हसले. मग मे महिन्यात मुख्यमंत्री फडणवीसांनी पीककर्जाला सिबिल मागणाऱ्या बँकांवर गुन्हे दाखल करू असा दम भरला आणि तेव्हापासून हा वाद मी जिथे जाईन तिथे ऐकतोय, टपरीवर, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, नातेवाइकांच्या ग्रुपवर. एक पार्टी म्हणते सिबिल म्हणजे लूट आहे, बंदच करा. दुसरी म्हणते घेताना गोड लागलं ना, मग फेडा की वेळेवर, स्कोअर कशाला पडतोय. दोन्हीकडचं ऐकून मला एवढंच वाटतं की यांच्यातल्या कुणावर रात्री दोन वाजता हॉस्पिटलच्या काउंटरवर कार्ड घासायची वेळ आलेली नाही, किंवा आली असेल तर ते विसरलेत.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो म्हणजे शेवटपर्यंत वाचायची सक्ती नको. स्कोअर राहू दे. पण दवाखान्यासाठी झालेलं कर्ज आणि हप्त्यावर घेतलेल्या फोनचं कर्ज एकाच तराजूत टाकणं थांबवा. आजारपणाचं कर्ज रिपोर्टमध्ये वेगळं ओळखू येऊ दे, ते थकलं तर माणसाला जरा जास्त मुदत द्या, आणि पूर्ण फिटलं की त्याचा डागसुद्धा पुसा, सात-सात वर्षं कपाळावर गोंदून ठेवू नका.

हे मी हवेत बोलत नाहीये. माझा मावसभाऊ कराडला टेम्पो चालवतो, स्वतःचा आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये, कृष्णेला पूर आला त्याच महिन्यात, त्याची मुलगी सातव्या महिन्यात जन्मली. बाळ काचेच्या पेटीत, एकोणीस दिवस. हॉस्पिटल सरकारी योजनेत नव्हतं आणि बाळाला आता हलवायचं नाही असं डॉक्टर म्हणाले, मग कोण हलवणार? रोज संध्याकाळी काउंटरवरून आवाज यायचा, पेटीवाल्या बाळाचे नातेवाईक कोण, पैसे भरा. बिल झालं दोन लाख नव्वद हजार. त्यातले ऐंशी हजार क्रेडिट कार्डावर, दीड लाख मोबाइलवरच्या एका ॲपमधून पर्सनल लोन, बाकीचे मेहुण्यानं दिले. ॲपवर कर्जाचं कारण विचारलं होतं म्हणे, चार पर्याय होते, घाईत त्यानं 'इतर' दाबलं. पूर ओसरल्यावरही टेम्पोला महिना-दीड महिना धड भाडं नव्हतं, आणि नोव्हेंबरपासून हप्ते थकले. वसुलीवाले आधी त्याला, मग मावशीला, मग चक्क शेजारच्या किराणावाल्याला फोन करायला लागले. 2021 मध्ये निम्म्यात सेटलमेंट केली, तेव्हा फोनवरच्या पोरानं सांगितलं की विषय संपला, तुम्ही मोकळे. मोकळा कसला, रिपोर्टवर 'सेटल्ड' लागलं, आणि बँकेच्या भाषेत सेटल्ड म्हणजे यानं आमचे पैसे बुडवले. हे कळल्यावर त्यानं 2023 मध्ये राहिलेले पैसेही भरले, नो ड्यूजचं पत्र घेतलं, दोन महिने पाठपुरावा करून 'सेटल्ड'चं 'क्लोज्ड' करून घेतलं. तरी महिन्या-महिन्याच्या रकान्यात किती दिवस थकले होते ते आकडे आहेत तसेच आहेत. पै न पै फेडलेल्या माणसाला 2025 मध्ये नव्या टेम्पोचं कर्ज नाकारलं.

आता यातली गंमत बघा. त्याच्या रिपोर्टमध्ये 'हॉस्पिटल' हा शब्द कुठेच नाही. आपल्याकडे क्रेडिट ब्युरोला, म्हणजे हे रिपोर्ट बनवणाऱ्या सिबिलसारख्या कंपन्यांना, माहिती देतात त्या बँका, फायनान्स कंपन्या वगैरे, 2005 च्या कायद्यानुसार कर्ज देणाऱ्या संस्था. हॉस्पिटल त्यात येत नाही. म्हणून लोक छाती फुगवून सांगतात की आपल्याकडे अमेरिकेसारखं नाही हो, तिकडे डॉक्टरचं बिल थकलं तरी स्कोअर पडतो. बरोबर, तिकडे पडतो. पण तिकडे ते बिल 'मेडिकल' म्हणून दिसतं तरी, आणि दिसतं म्हणूनच त्याच्यावर भांडता येतं. तिथल्या तिन्ही ब्युरोंनी 2022 च्या जुलैपासून फिटलेली मेडिकल थकबाकी रिपोर्टवरून काढून टाकली, न फिटलेल्या बिलाला नोंद व्हायच्या आधी सहा महिन्यांऐवजी एक वर्ष दिलं, आणि 2023 मध्ये 500 डॉलरच्या आतली सगळी काढली. त्यांच्या ग्राहक संरक्षण खात्यानं जानेवारी 2025 मध्ये उरलेलीही सगळी काढायचा नियम केला होता, दीड कोटी लोकांची 49 अब्ज डॉलरची बिलं, तो जुलैमध्ये टेक्ससच्या कोर्टानं रद्द केला. म्हणजे तिकडेही काही रामराज्य नाही. पण निदान वाद योग्य प्रश्नावर चाललाय. आपल्याकडे आजारपण काउंटरवरच कपडे बदलतं आणि पर्सनल लोन बनून रिपोर्टमध्ये शिरतं, मग त्याला कोण ओळखणार?

आता समोरच्यांचं जे खरं आहे ते मान्य करतो, आणि मनापासून, कारण त्यात बरंच खरं आहे. स्कोअर यायच्या आधी कर्ज कसं मिळायचं हे ज्यांनी सहकारी बँकेचं राजकारण जवळून बघितलंय त्यांना विचारा. संचालकाची चिठ्ठी लागायची. आडनाव लागायचं. मॅनेजर जातवाला निघाला तर काम एका दिवसात, नाहीतर उद्या या, परवा या. 300 ते 900 मधल्या त्या आकड्याला निदान आडनाव कळत नाही, आणि साध्या पगारदाराला, भाजीवाल्या बाईला कुणाच्या पाया न पडता कर्ज मिळायला लागलं त्यात या आकड्याचा वाटा आहे. दुसरं, बँकेचा पैसा बँकेचा नसतो, ठेवीदाराचा असतो. सप्टेंबर 2019 मध्ये पीएमसी बँकेच्या दारात हजार रुपयांसाठी रांगेत उभे राहिलेले पेन्शनर आपण बघितलेत. तिथे सिबिल नसल्यानं नाही, घोटाळ्यानं बँक बुडाली, पण बुडीत कर्जाचा मार शेवटी कुणाला बसतो ते तरी दिसलं. आणि तिसरा मुद्दा सगळ्यात वजनदार: आजारपणाला सूट दिली की बँका आजारी माणसाला कर्ज द्यायलाच मागेपुढे बघतील. म्हणजे ज्याच्यासाठी सूट आणली त्याच्याच तोंडावर दार बंद.

हा तिसरा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही, कारण महाराष्ट्रात हे एकदा घडून गेलंय. 12 मे 1875 ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची घरं-दुकानं गाठली आणि कर्जाची खतं म्हणजे लेखी करार, रोखे, वह्या बाहेर काढून जाळल्या. जिथे सावकारानं खत मुकाट्यानं हातात दिलं तिथे बहुतेक त्याला हातही लावला नाही. लोकांना सावकार नको होता असं नाही, तो कागद नको होता. मग सरकारनं 1879 मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा केला. कर्जासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं बंद झालं, आणि कोर्टाला सांगितलं गेलं की खतावर आकडा काय लिहिलाय एवढ्यावर जाऊ नका, खताच्या मागे जा, व्यवहार पहिल्यापासून उकरून बघा, मुळात किती घेतले, कशासाठी, किती फेडले. यावर तेव्हाही हेच म्हटलं गेलं की आता सावकार कर्ज देणार नाही. आणि काही अंशी ते खरं ठरलं, सावकार गहाणखताऐवजी सरळ जमिनीचं खरेदीखत लिहून मागायला लागले. मग म्हणून कायदा चुकीचा होता का? पळवाट निघाली ती बुजवायची असते. म्हणून खतामागे बघायचंच नाही असं होत नाही. आणि त्याच्या कितीतरी आधीपासून आपल्या हिंदू कायद्यात दामदुपट होतंच, एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येणार नाही म्हणून. कर्ज बुडवा असं दामदुपट म्हणत नाही. घेणेकऱ्यालाही कुठेतरी थांबावं लागतं, इतकंच म्हणतं. 1879 मध्ये इंग्रजांच्या कोर्टाला जे कळलं ते आजच्या सॉफ्टवेअरला का कळू नये? ते फक्त खत बघतं, मागे जात नाही.

बरं, मागे जाऊन बघायची पद्धत आपल्याकडे आजही आहे, फक्त ती सामुदायिक संकटाला आहे. गावात पीक किती आलं याचा सरकारी अंदाज म्हणजे पैसेवारी, जुनी माणसं अजून आणेवारीच म्हणतात, ती पन्नास पैशांच्या खाली आली की गावाला दुष्काळाच्या सवलती लागतात आणि पीककर्जाचं पुनर्गठन होतं. रिझर्व्ह बँकेचेच नियम आहेत, 33 टक्के किंवा जास्त पीक गेलं तर कर्जाला मुदतवाढ. कोविडमध्ये मार्च ते ऑगस्ट 2020 हप्ते न भरायची मुभा होती आणि ते न भरलेले हप्ते ब्युरोकडे थकबाकी म्हणून कळवायचे नाहीत असं रिझर्व्ह बँकेनं स्पष्ट सांगितलं होतं. आकाश कोसळलं का? म्हणजे तत्त्व मान्यच आहे, माणसाच्या हातात नसलेल्या गोष्टीसाठी त्याच्या नावावर शिक्का मारायचा नाही. मग दुष्काळ गावावर पडला तर आणेवारी, आणि एकाच घरावर पडला तर? माझ्या भावाच्या गल्लीत त्या ऑगस्टमध्ये तलाठी आला, पुराचं पाणी शिरलेल्या घरांचे पंचनामे झाले. तो स्वतः त्या वेळी हॉस्पिटलच्या जिन्यात बसलेला. त्याच्या संकटाचा पंचनामा करायला कुठला तलाठी येणार होता? आणि कोविडची मुभा? फेब्रुवारी 2020 संपता संपता ज्यांचं खातं एनपीए, म्हणजे नव्वद दिवसांच्या वर थकलेलं, झालेलं होतं त्यांना ती लागूच नव्हती, आणि याचं नोव्हेंबरपासून थकलेलं. म्हणजे सगळ्या जगाच्या आधी काही महिने संकटात सापडला हा त्याचा गुन्हा.

आणि ज्यांना वाटतं की बँकेनं 'का थकलं' हे विचारत बसायचं नसतं त्यांनी जरा वरच्या मजल्यावर डोकवा. पंचवीस लाख आणि त्याच्या वरचं कर्ज थकलं आणि बँकेला वाटलं की हा मुद्दाम बुडवतोय, तर त्याला 'विलफुल डिफॉल्टर' ठरवायच्या आधी कारणे दाखवा नोटीस द्यावी लागते, एक समिती तपासते, दुसरी समिती त्याला समोर बोलावून ऐकून घेते, मग शिक्का. चांगला नियम आहे, असायलाच हवा. पण याचा अर्थ असा की मुद्दाम बुडवणारा आणि नाइलाजानं थकलेला यात फरक असतो हे बँकिंगला पक्कं ठाऊक आहे, फक्त तो फरक विचारायचा मान पंचवीस लाखांपासून सुरू होतो. दोन लाख तीस हजारवाल्याला कोण विचारतंय? 1980 मध्ये सुप्रीम कोर्टात न्यायमूर्ती कृष्ण अय्यरांनी हाच मुद्दा तुरुंगाच्या बाबतीत निकाली काढला होता, की देता येत असून न देणारा आणि देताच न येणारा हे एक नाहीत, आणि नुसतं फेडता आलं नाही म्हणून माणसाला आत टाकता येणार नाही. आता तुरुंग नाही, मान्य. पण याच रिपोर्टवरून नोकरी जाते. स्टेट बँकेनं एका उमेदवाराची निवड क्रेडिट रिपोर्टवरून रद्द केली, आणि 2025 मध्ये मद्रास हायकोर्टानं ते ग्राह्य धरलं. कर्ज देताना बघायचा आकडा होता हा, आता नोकरीला आणि सोयरिकीला लागायला लागला, आणि जितक्या जास्त ठिकाणी लागेल तितकं त्याच्यात नेमकं काय मोजलंय हे विचारायला नको का?

लगेच प्रश्न येतो की मग उद्या सगळेच म्हणतील माझं कर्ज आजारपणाचं होतं, ओळखायचं कसं? हा प्रश्न ऐकला की मला खरंच हसू येतं. कार्ड कुठे घासलं ते बँकेला माहीत असतं राव. प्रत्येक दुकानाला एक कोड असतो, हॉस्पिटलचा 8062. पेट्रोल पंपावर घासलं तर सरचार्ज माफ, घरभाडं भरलं किंवा वॉलेटमध्ये टाकले तर पॉइंट नाहीत, हे सगळं बँक पैशा-पैशानं बरोबर ओळखते. पॉइंट कापायला कोड चालतो, माणसाची बाजू समजायला चालत नाही? कर्जाचे पैसे थेट हॉस्पिटलच्या खात्यात गेले तर ती नोंदही पक्की. रोख भरणाऱ्यासाठी डिस्चार्ज कार्ड आणि पक्कं बिल, ते आज इन्शुरन्सच्या क्लेमला चालतं तर इथे का नाही. खोटी बिलं येतील, येतीलच, क्लेममध्येही येतात, म्हणून मेडिक्लेम बंद केला का कुणी? आणि मी कर्जमाफी मागत नाहीये हे परत सांगतो, कारण लोक इथपर्यंत येईस्तोवर विसरतात. मुद्दल द्यायचं, ठरलेलं व्याज द्यायचं. सूट हवीये ती शिक्क्यातून.

एक आक्षेप मात्र असा आहे ज्याचं मी पूर्ण उत्तर देऊ शकत नाही. मूळ रोग स्कोअर नाहीच, मूळ रोग हा की उपचाराचे पैसे खिशातून जातात, तो रोग बरा करा, थर्मामीटरवर कशाला राग. पटतं मला. देशाच्या एकूण आरोग्यखर्चातला लोकांच्या खिशातून जाणारा वाटा 2013-14 मध्ये 64 टक्के होता तो 2021-22 मध्ये 39.4 वर आला, ही छोटी गोष्ट नाही. महात्मा फुले योजनेचं कवच दीड लाखावरून पाच लाख झालं, रेशनकार्डाच्या रंगाची अट गेली. धर्मादाय हॉस्पिटलांमध्ये दहा टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवायची सक्ती आहे, हायकोर्टानं ठरवून दिलेली. हे प्रत्येकाला माहीत असायला हवं आणि भरती होतानाच मागायला हवं, डिस्चार्जच्या दिवशी नाही. पण दुर्बल घटकाची उत्पन्नमर्यादाच वर्षाला तीन लाख साठ हजार आहे, महिना तीस हजारांच्या वर कमावणारा टेम्पोवाला तिथेच बाद. आणि ज्यांचं कर्ज आधीच होऊन गेलंय त्यांचं काय? उद्या धरण बांधणार म्हणून आज बुडणाऱ्याला दोर टाकायचा नाही का?

ही जुनी कर्जं मोठी विचित्र असतात. पैशाच्या दाव्याला मुदत तीन वर्षं, 1963 चा कायदा. त्यानंतर कोर्टात वसुली सहसा होत नाही, पण फोन थांबत नाहीत आणि रिपोर्टवरची नोंदही जात नाही. मुदत संपायच्या आत पाचशे रुपये भरले किंवा लेखी कबुली दिली तर मुदत नव्यानं सुरू होते, म्हणून ते वसुलीवाले गोड आवाजात म्हणतात, दादा, मोठी रक्कम नको, फक्त पाचशे टाका. फेडायचंच असेल तर पूर्ण फेडा, कागद आधी घ्या, पैसे नंतर द्या. भिंतीवर 'सिबिल सुधारून मिळेल' लिहिलेले जे नंबर असतात त्यांना दहा हजार देऊ नका, खरी नोंद कुणाचा बाप पुसू शकत नाही, आणि खोटी नोंद तुम्ही स्वतः फुकट तक्रार करून काढू शकता, तीस दिवसांत निकाल नाही लागला तर पुढे दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यायचा नियम आहे. वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्टही प्रत्येक ब्युरोकडून फुकट मिळतो. एवढं सगळं करून हातात काय येतं? चुकीची नोंद जाते. बरोबर नोंद, जी बरोबर असूनही अर्धवट आहे, ती राहते, आणि माझं सगळं भांडण तिच्याशी आहे.

बँकेत मी त्याच्याबरोबर गेलो होतो. मॅनेजर चांगला माणूस होता, पाणी दिलं, फाइल बघितली. भावानं हॉस्पिटलची बिलं जपून ठेवलेली, प्लॅस्टिकच्या पिशवीत. कार्डाच्या त्या गुळगुळीत पावत्या सहा वर्षांत पार कोऱ्या झालेल्या, उन्हाकडे धरल्या तरी आकडा लागेना. डिस्चार्ज कार्ड मात्र शाबूत होतं, वजन अकराशे ग्रॅम वगैरे लिहिलेलं. मॅनेजरनं ते वाचलं, मुलगी आता कशी आहे विचारलं, आणि स्क्रीन आमच्याकडे वळवून म्हणाला, बघा, मी हे कुठे भरू? कॉलमच नाही. मग त्यानंच उपाय सांगितला, घरात सोनं असेल तर त्याच्यावर छोटं कर्ज काढा, वर्षभर हप्ता एकही दिवस चुकवू नका, स्कोअर चढेल, मग या.

तर मावशीच्या पाटल्या सध्या त्या बँकेत आहेत. कर्जाचे साठ हजार तिथेच त्याच्या बचत खात्यात पडून आहेत, कारण त्याला ते नकोच होते. दर महिन्याच्या पाच तारखेला त्यातूनच हप्ता कापला जातो.